केरबाचा अख्खा दिवस

केरबाने लेकीच्या लग्नात कन्यादान केलं ते झोपेत. दुपारी बारा पस्तीसचा मुहूर्त होता, आणि दुपारी बारा पस्तीस म्हणजे केरबाची मध्यरात्र. मंगलाष्टकांचं दुसरं कडवं संपायच्या आत मुठीत अक्षता धरून तो उभ्या उभ्या पेंगला. अल्बममधल्या प्रत्येक फोटोत त्याचे डोळे मिटलेले आहेत. पाहुण्यांना वाटलं, बाप गहिवरलाय. खरं काय ते त्याची बायको आक्काबाई हिलाच माहीत होतं. तिने कोपराने दोन ढुसण्या दिल्या होत्या आणि दोन्ही वाया गेल्या होत्या.

केरबा मूळचा पिशोरकडचा. मेंढरं राखणाऱ्या घरातला. तिशी उलटल्यावर कळप थोरल्या भावाच्या हवाली करून तो वाळूजला आला आणि एका कंपनीच्या फाटकावर वॉचमनच्या भरतीला उभा राहिला. रांगेत अकरा जण होते. सुपरवायझरने विचारलं, "रात्री कोण जागणार?" दहा जण आपापल्या चपलांकडे बघायला लागले. लांडग्याच्या भीतीने कळपाशी जागायची केरबाला सवय होती. तो म्हणाला, "मी जागतो की." त्याला वाटलं, या आठवड्यापुरतं विचारतायत. तो आठवडा सत्तावीस वर्षं चालला.

सकाळी आठला तो बजाजनगरातल्या आपल्या दोन खोल्यांत परतायचा, भाकर खायचा, खिडकीला गोधडी टांगायचा आणि पाच वाजेपर्यंत झोपायचा. उठून चहा, अंघोळ, जेवण, की सातला पुन्हा सायकलवर टांग. उगवता सूर्य कंपनीच्या शेडमागे असायचा आणि मावळता सूर्य गल्लीतल्या घरांमागे. एवढ्या वर्षांत दिवस नावाची गोष्ट त्याने दोन्ही काठांवरून ओझरती पाहिली होती.

मेच्या शेवटच्या तारखेला कंपनीने त्याला शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ देऊन घरी पाठवलं. केरबा निवृत्त झाला, पण त्याची झोप काही झाली नाही. सकाळचे नऊ वाजले की त्याची मान छातीवर यायची. एकदा चहा पिता पिताच डोळा लागला आणि मिशा बशीत भिजल्या.

"कंपनीनं तुम्हाला सोडलं," आक्काबाई म्हणायची, "पर तुमची झोप अजून डूटीवरच हाय."

जवळपास तीन आठवडे असेच गेले. मग समोरच्या घरातल्या काकासाहेबांनी त्याच्या डोक्यात एक किडा सोडला. काकासाहेब निवृत्त शिक्षक. गंगापूरकडे त्यांची शेती होती, पण सारा जन्म त्यांनी शाळेत भूगोल शिकवण्यात घातला होता, आणि शाळा सुटली तरी शिकवणं सुटलं नव्हतं. संध्याकाळी ओट्यावर बसल्या बसल्या ते म्हणाले, "केरबाभाऊ, परवा एकवीस जून. वर्षातला सगळ्यांत मोठा दिवस. आपल्याकडं तेरा तास वीस मिनिटं उजेड."

"तेरा तास?" केरबाने विचारलं.

"आणि वर वीस मिनिटं."

केरबा ओट्यावरून उठला. मग आत जाऊन त्याने आक्काबाईला जाहीर केलं, "शीलाची माय, परवाचा दिस मी पुरा बघणार. उगवल्यापासून मावळंपर्यंत. एक डुलकी घेणार नाय."

आक्काबाईच्या हातात लाटणं होतं. ते खाली ठेवून, पदर तोंडात धरून ती इतकी हसली की तिला ठसका लागला.

"नऊला घोरायला लागाल."

"नाय घोरलो तर?"

"नाय घोरला तर म्हणाल तिथं येते तुमच्यासंगं. आन घोरला तर आठ दिस भाकऱ्या तुम्ही थापायच्या."

"चालतंय. मग संध्याकाळी खुलताबादला जायचं, शीलाकडं. तिच्या घरामागं टेकडीचा कडा हाय, तिथून सूर्य डुबताना पार खालपतूर दिसतो म्हणं."

"आधी जागा तर ऱ्हावा," आक्काबाई म्हणाली.

एकवीस तारखेला केरबा पहाटे स्लॅबवर जाऊन बसला. मृगाचा एक पाऊस पडून गेला होता आणि नंतर आभाळ स्वच्छ पुसल्यासारखं निघालं होतं. आक्काबाई चहा घेऊन वर आली तेव्हा पूर्वेकडच्या पत्र्यांवर उजेड पसरला होता. पावणेसहाला पाण्याच्या टाकीच्या अंगाने सूर्य वर आला. ना ढग लाल झाले ना काही. वर आला आणि टाकीच्या कठड्यावर टेकला.

"एवढंच?" केरबा म्हणाला.

"मग काय बँडबाजा लावायचा व्हता?"

पलीकडच्या गच्चीवर काकासाहेब एका पायावर उभे होते. योगदिवस होता आणि मोबाईलमधली बाई त्यांना वृक्षासन शिकवत होती. तोल सावरता सावरता त्यांनी ओरडून सांगितलं, "केरबाभाऊ, नीट बघून घ्या! सूर्य आज उत्तरेच्या टोकाला आहे! उद्यापासून..." उद्यापासून काय ते सांगायच्या आत झाड आडवं झालं.

नऊ वाजता व्हायचं तेच व्हायला लागलं. केरबाच्या पापण्यांना कोणीतरी वजनं बांधल्यागत झालं. आक्काबाईने त्याच्यापुढे सुपात शेरभर लसूण ओतला आणि त्याला बाहेर ओट्यावर बसवलं. "सोला. बोटं हलती ऱ्हायली की डोळा लागत नाय." हे ती कळवळ्याने करत होती की फुकटचा लसूण सोलून घेत होती, हे केरबाला ठरवता येईना.

तो लसणाचा चौथा गड्डा सोलत असताना गल्लीच्या तोंडाशी आरोळी उठली. "ए मेथीऽऽ, पालकऽऽ, गवार ताजी ताजीऽऽ!" भाजीची गाडी येत होती. केरबाने मान वर केली. गाडीवाला तिशीचा, दणदणीत आवाजाचा माणूस होता. दोन घरं अलीकडे आला आणि त्याचा आवाज एकदम बंद पडला. गाडीही त्याने हळू केली, चाक खडखडू नये म्हणून खड्ड्याला वळसा घातला आणि चोरासारखा केरबाच्या दारावरून पुढे गेला. दोन घरं ओलांडली की पुन्हा, "मेथीऽऽ, पालकऽऽ!"

केरबाला नवल वाटलं. "ओ भाजीवाले!" त्याने हाक मारली.

गाडीवाला धावतच मागे आला आणि ओठांवर बोट ठेवून कुजबुजला, "हळू बोला ना काका. ह्या घरात आजारी माणूस हाय."

"कोण?"

"आक्कामावशीचा मालक. लई वर्षं झाली, अंथरुणाला खिळलाय बिचारा. तुम्ही पाव्हणे का?"

केरबाने क्षणभर विचार केला. "व्हय," तो म्हणाला. "काय झालंय त्याला?"

"ते काय म्हाईत नाय बा. मह्या बापाच्या टायमापासून ह्यो नियम हाय. पानवाल्याच्या घरापासून शिंप्याच्या घरापतूर ओरडायचं नाय. बाप म्हणायचा, सोमनाथ, त्या बाईनं काय सोसलंय बघ, पर कधी तोंडातून सबुद काढला नाय." सोमनाथने आवाज आणखी खाली आणला. "अजून हायती ना ते?"

"हाय तर," केरबा म्हणाला. "अजून तरी हाय."

एवढ्यात आक्काबाई पिशवी घेऊन दारात आली. "सोमनाथ, अर्धा किलो गवार दे. आन ह्योच तो आजारी माणूस."

सोमनाथने केरबाकडे पाहिलं. मिशा, गोल पोट, हातात लसूण. त्याने विचारलं, "मग काका, बरं वाटतंय का आता?"

"तीन हप्त्यापासून उतार हाय," आक्काबाईने परस्पर सांगून टाकलं.

सोमनाथने गवारीवर मूठभर कोथिंबीर जास्तीची घातली, आजारी माणसासाठी म्हणून. सवयीने पाय न वाजवता तो चार पावलं गेला, मग त्याच्या ध्यानात आलं आणि त्याने तिथेच, केरबाच्या दारात, अशी काही आरोळी ठोकली की शिंप्याच्या पत्र्यावरचं मांजर उडी मारून पळालं.

केरबा मात्र हसला नाही. त्याने सूप बाजूला ठेवलं. "म्या आजारी हाय असं तू सांगितलंस लोकाला?"

"म्या कशाला सांगू? म्या एवढंच म्हणले, माणूस झोपलाय, रातचा जागून आलाय. बाकीचं गल्लीनं लावलं."

मग एकेक निघत गेलं. पोरं क्रिकेट पलीकडच्या गल्लीत खेळायची, ती आपसूक नव्हे. घंटागाडीवाला इथे आला की गाणं बंद करायचा. भंगारवाला शिट्टी वाजवायचा नाही. पहिल्या वर्षी आक्काबाई या सगळ्यांशी भांडली होती. भांडून भागेना तेव्हा तिने चहा पाजायला सुरुवात केली. पुढे माणसं बदलली, जुनी नव्यांना सांगून गेली, आणि तिला काही बोलायचीही गरज उरली नाही.

"मला कधी बोलली नायस," केरबा म्हणाला.

"कवा बोलू? जागे असता तवा घरी नसता, आन घरी असता तवा जागे नसता."

एवढं बोलून ती गवार मोडायला आत गेली. केरबाला वाटायचं, आपली गल्ली मोठी शांत. कंपनीतल्या सोबत्यांना तो अभिमानाने सांगायचा, आमच्याकडे दुपारी टाचणी पडली तरी ऐकू येते. त्याने सूप पुन्हा मांडीवर ओढलं आणि राहिलेला सगळा लसूण सोलला. डोळ्यांवरची पेंग कुठे गेली ते त्याला कळलंसुद्धा नाही.

साडेअकराला काकासाहेब छत्री घेऊन आले. सकाळच्या वृक्षासनाने त्यांचा गुडघा खरचटला होता, पण त्याविषयी कोणी बोललं नाही. "काय, जागे आहात?" त्यांनी विचारलं, आणि केरबा खरंच जागा आहे हे बघून ते थोडे हिरमुसल्यासारखे झाले.

"सर, आज गंमत दाखवू का?" केरबा म्हणाला. "आज दुपारी सावली उलटी पडती."

"उलटी म्हणजे?"

"एरवी भरदुपारची सावली उत्तरंला असती. ह्या दिसांत दक्षिणंला पडती."

काकासाहेबांनी छत्री मिटली. असलं अज्ञान उन्हात उभं राहून दुरुस्त करणं हे त्यांना आपलं कर्तव्य वाटलं. "केरबाभाऊ, आपण उत्तर गोलार्धात राहतो. इथं माध्यान्हीची सावली उत्तरेलाच पडते. बत्तीस वर्षं शिकवलंय मी."

"आन म्या धा वर्षं मेंढरं चारलीत. उद्या आर्द्रा निघती. आर्द्रात मेंढरू झाडाच्या दक्षिणंला सावली हुडकतं. माणसाला फसवता येतं, मेंढराला नाय."

झालं. आक्काबाईच्या मसाला कांडायच्या लोखंडी दांड्याची जागा अंगणात ठरली. केरबाने ओळंब्यासारखी दोरी सोडून दांडा सरळ रोवला. गल्लीतली चार माणसं गोळा झाली. काकासाहेबांनी मोबाईलमधलं होकायंत्र काढून उत्तर कुठे ते खडूने आखलं. बारा वाजले. सावली पश्चिमेकडे कलती पडली होती.

"बघा," काकासाहेब म्हणाले. "ना तुमची दक्षिण, ना काही."

"अजून दुपार कुठं झाली?"

"अहो, बारा वाजले!"

"ते घड्याळाचे. सूर्याचे वाजायला अजून अर्धा तास हाय."

हेही काकासाहेबच शिकवत असत: घड्याळाची वेळ आणि स्थानिक वेळ, रेखांशाचा फरक, फळ्यावर आकृती काढून. ते गुमान छत्रीखाली बसले. सावली तसूतसूने आखडत गेली, वळत गेली. साडेबाराच्या सुमाराला ती दांड्याच्या बुडाशी जेमतेम चार बोटं उरली. आणि ती चार बोटं खडूच्या रेघेच्या बरोब्बर उलट दिशेला, दक्षिणेला होती.

काकासाहेब गुडघा विसरून दांड्यापाशी ओणवे झाले. होकायंत्र दांड्यापासून लांब नेऊन पाहिलं, जवळ आणून पाहिलं. मोबाईल बंद करून चालू केला. मग बोटांवर काहीतरी मोजलं आणि आपल्याच कपाळावर हात मारला.

"कर्कवृत्त साडेतेवीसवर. आपण विसाच्या आत. म्हणजे सूर्य आज आपल्या उत्तरेला गेला. जाणारच! हे मी परीक्षेत विचारायचो हो. पाच मार्कांना विचारायचो."

"मग कधी बघितलं नाय का?" आक्काबाईने भाबडेपणाने विचारलं.

"मे महिन्यात शाळा सुटायची, जून उजाडला की प्रवेशांची गडबड. आणि दुपारी बारा-साडेबाराला मी नेहमी वर्गात असायचो," काकासाहेब म्हणाले. ते जरा वेळ त्या चार बोटांकडे बघत राहिले. मग त्यांनी केरबाचा हात धरून जोरात हलवला, पहिला नंबर आलेल्या पोराचा हलवावा तसा. केरबा इतका लाजला की पाणी आणायच्या निमित्ताने घरात पळाला.

दुपारी जेवण झालं, आणि खरी परीक्षा तेव्हाच होती. आक्काबाईने मुद्दाम खाट टाकून वर मऊ गोधडी अंथरली. केरबाने खाटेकडे पाठ केली आणि उभ्यानेच दोन्ही खोल्यांतली जळमटं काढली. चार वाजता तिने हार मानली आणि नवं लुगडं काढलं.

नगर नाक्यावर त्यांना वेरूळकडे जाणारी एसटी मिळाली. अर्धी बस रिकामी होती, तरी केरबा दांडा धरून उभाच.

"बाबा, बसा की," कंडक्टर म्हणाला. "जागा हाय."

"बसलो की झोपतो."

"झोपा मग. खुलताबाद आलं की उठवतो."

"नको, आज झोपायची मनाई हाय," केरबा म्हणाला, आणि कंडक्टरने प्रश्नार्थक नजरेने आक्काबाईकडे पाहिलं. तिने खिडकीबाहेर तोंड फिरवलं. दौलताबादचा घाट चढेपर्यंत तिच्या खांद्यांवरून कळत होतं की ती हसतेय.

शीलाने दार उघडलं तर समोर बाप उभा. उजेडात आपल्या दारी आलेला बाप तिने लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिला होता. तिने आईला चुलीपाशी ओढून नेलं. "माय, खरं सांग. आबाला डाक्टरनं काय सांगितलं का?"

"तुझ्या आबाला दिस बघायचाय," आक्काबाई म्हणाली. "दुसरं काय नाय. च्या ठेव."

चहा घेऊन दोघं घरामागच्या कड्यावर गेले. खाली रानं पसरली होती, नांगरून ठेवलेली, काही पेरलेली. दोन शेळ्या घेऊन एक म्हातारा चिंचेखाली बसला होता. त्याने या दोघांकडे बघितलं, सूर्याकडे बघितलं आणि आपला विडा चघळत राहिला. सूर्य अजून बराच वर होता. केरबा दगडावर बसला आणि मग सावधपणे उठून उभा राहिला.

"बसा आता," आक्काबाई म्हणाली. "मी चिमटा काढीन."

तो बसला. खरंच चिमटे काढायची दोनदा वेळ आली, आणि दुसरा तिने गरजेपेक्षा जास्त जोरात काढला. मग सूर्य खाली यायला लागला तसा तो ताठ झाला. सूर्य मोठा झाला, लाल झाला, बुडाशी थोडा चपटा झाला. सात वाजून गेले होते. सकाळी टाकीवर टेकलेला तो एवढुसा सूर्य आणि हा एकच, हे त्याला पटेना.

"तुला काय, रोजचंच असंल," तो म्हणाला. "तू रोज बघत असशील."

आक्काबाईने मान हलवली.

"मी कुठली बघायला?" ती म्हणाली. "ह्या टायमाला तुमचा डबा भरत व्हते. भिंतीकडं तोंड करून. तुमची सायकल गेली की बाहेर यायचे, तवर अंधार."

केरबाने तिच्याकडे पाहिलं. तिच्या तोंडावर तांबूस उजेड पडला होता आणि ती डोळे बारीक करून समोर बघत होती, सुईत दोरा ओवताना बघायची तसं. सत्तावीस वर्षं तोच एकटा दिवसाला मुकला असं तो धरून चालला होता. त्याने दगडावर थोडं सरकून तिला टेकायला जागा केली.

"टेक," तो म्हणाला.

"टेकले तर झोप येती," ती म्हणाली, पण टेकली.

सूर्य गेला. शेवटचा तुकडा गेला तेव्हा केरबाने मान डोलावली, जमलं बुवा अशी. त्याला वाटलं होतं, आता लगेच अंधार होईल. पण अंधार होईना. रानं दिसत होती, बांध दिसत होते, चिंचेखालचा म्हातारा शेळ्या घेऊन घराकडे निघालेला दिसत होता. आभाळात नुसता उजेड भरून राहिला होता, मालक निघून गेला तरी दुकान उघडंच असल्यासारखा.

"ह्यो उजेड तेरा तासांत धरायचा का वरचा?" आक्काबाईने विचारलं.

"सरांना विचारावं लागंल."

"नका विचारू. ते वही काढतील."

घराकडून शीलाची हाक आली. "माय, आबा, ताटं वाढलीत! चला, अंधार पडला!"

आक्काबाईने मागे वळूनही पाहिलं नाही. "वाढू दे तुझी ताटं," ती ओरडून म्हणाली. "अजून दिसतंय इथं."